विचारायचं नाही, वाढायचं!

दूध संस्थेत वर्षानुवर्षं सेक्रेटरी राहिलं की दुधापेक्षा किस्सेच जास्त साठतात. दूध न्यायला निदान टँकर येतो, किस्से कोण नेणार? आमच्या संस्थेचे किस्से फिरून फिरून दत्तूपाशीच येतात. आणि दत्तू आठवला की मला अजून एका जागी बसवत नाही.

दत्तू आमच्याकडे कॅन धुवायचा. वय पन्नाशीच्या पुढं, समज सहा-सात वर्षांच्या पोराएवढी. मेंबर नसूनही प्रत्येक मीटिंगला हजर! चेअरमन आप्पांनी ठराव वाचला की हा हात वर करून ओरडणार, "मंजूर!" एकदा आप्पांनी नुसती जांभई द्यायला तोंड उघडलं, तीही मंजूर झाली!

*

त्याची आई पारूमावशी सत्तरी ओलांडलेली. धाकटा मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. 'माझ्यामागं दत्तूचं काय?' या घोरानं म्हातारीचा पाय घरात ठरत नव्हता. लोक म्हणायचे, "मावशी, आख्खं गाव हाय की!"

मग तिनं गावाची परीक्षाच घेतली. कुणाला न सांगता दिंद्रुडला बहिणीकडं जाऊन बसली. दोन दिवसांनी येऊन बघते तर दत्तू उपाशी!

मी चक्रावलो. मी रोज विचारत होतो, "जेवला का दत्तू?" आप्पा विचारत होते, गिरणीवाला विचारत होता. आमच्याकडं रामरामच तसा घालतात! दत्तू सगळ्यांना सांगत होता, "जेवलो!"

मावशी म्हणाली, "कुनापुढं हात पसरू नये म्हनून मीच शिकिवलं तसं. आता माझ्याच अंगलट आलं. आजपासून इचारायचं न्हाई, वाढायचं!"

*

दुसऱ्या वेळी ती सांगून दिंद्रुडला गेली. सगळ्यांदेखत दत्तूला म्हणाली, "दत्तू, मी मेले समज. रडायचं न्हाई."

"मंजूर!" दत्तू म्हणाला.

या खेपेला दत्तू ज्या दारावरून गेला त्या दारात ताट! त्याला नाही म्हणता येत नाही. शेवटी मी त्याला वडवणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंय यांनी?"

मी म्हणालो, "गाव!"

*

मग पाळी लावायचं ठरलं. पण दत्तूला सोमवार-मंगळवार कळेना. मावशीनंच तोड काढली. ज्याचा कॅन सगळ्यात आधी येईल, त्याच्या घरी त्या दिवशी दत्तूचं जेवण.

आमचे हरिभाऊ रोज उजाडायच्या आत पहिला नंबर लावायचे. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात शेवटी येऊ लागले!

मावशीनं बघितलं आणि जाहीर केलं, "उद्यापासून शेवटच्या कॅनवाल्याकडं!"

*

आणि घडी बसते न बसते तोच दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, कॅन यायचे थांबले. दत्तू नुसता ओट्यावर बसून राहायचा. मावशी घर ते संस्था, संस्था ते घर अशा येरझारा घालायची. मला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी हरिभाऊ कॅन घेऊन हजर. मी झाकण काढलं. आत ठणठणाट!

"दूध कुठंय?"

"दूध कुठलं बे! दत्तूला धुवायला आनलाय."

"आणि पाणी?"

"राखंनं घासंल की! जेवायला मातुर माझ्याकडंच धाड."

मला त्या दिवशी भरून आलं. कंजूष माणसानं असं वागून आमची पंचाईत करू नये!

*

त्या वर्षीच्या सभेत आप्पा स्वतः ठराव मांडायला उठले. मावशी पहिल्यांदाच सभेला आली होती, दाराशी बसली होती.

"पारूमावशीच्या... म्हंजी मावशीच्या..." आप्पा अडखळले.

"मेल्यावर म्हन की! लाजतो कावून?" मावशी ओरडली.

"मावशी मेल्यावर दत्तूला संस्था संभाळंल. मंजूर?"

"मंजूर!" वरचे पत्रे हादरले. मावशीनं डोळ्याला पदर लावला. किती वर्षांनी तिला एका जागी स्वस्थ बसलेली पाहत होतो.

फक्त एक आवाज आला नव्हता. सगळे वळून बघू लागले. दत्तू दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसला होता.

"आरं दत्तू, तुझाच ठराव हाय! म्हन की मंजूर!"

"नामंजूर!"

"कावून रं?"

"माय मागं बी मेलती. आली की परत दिंद्रुडहून!"