फाटकावरचे ट्रस्टी

मला ट्रस्टवर का घेतलं, हा प्रश्न पहिल्या बैठकीच्या आधीपासून मला छळत होता. बुऱ्हाणपूरला माझी बदली होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुलींच्या शाळेत मी मराठी आणि कवायत शिकवत असे. माझं माहेर नागपूरकडचं. मी आले तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. मग प्रांतांची फेरमांडणी झाली, नागपूर पलीकडे गेलं, बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि त्याच्याबरोबर मीही. कागद भोपाळहून येऊ लागले, हिंदीतून. त्या दिवसांत आम्हा नोकरदारांना प्रत्येक लिफाफ्याची धास्ती वाटायची. त्यात माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीने चार मिरच्या वर टाकल्या तर घरी येऊन मी आधी त्या चारच तपासायची.

ट्रस्ट लहानसाच होता. गावच्याच लालबागेतल्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी तो आपल्या वारलेल्या मुलाच्या नावाने काढला होता. मुलाला कुस्तीचं वेड, म्हणून ट्रस्टने शनवारा वस्तीजवळची एक व्यायामशाळा आणि तिचं मैदान सांभाळायचं, गरिबाघरच्या मुलांना दूध द्यायचं, खेळताना कुणाचं हाड मोडलं तर इलाज करायचा. शेठजी अध्यक्ष, एक वकीलसाहेब चिटणीस, आणि तिसरे एक म्हातारे पहिलवान. त्यांना सगळं गाव उस्ताद म्हणायचं. शेठजींचा निरोप आला, "मुलींचाही खेळाचा तास सुरू करायचा आहे, एक बाई पाहिजेत." मी हो म्हटलं आणि मनाशी ठरवलं, की हे लोक मला शोभेला बसवणार असतील तर मी काही गप्प बसणार नाही.

पहिल्याच बैठकीत माझी खुर्ची वेगळी, तिच्यावर गादी. त्यांना पेल्यात चहा, मला कपबशीत. मला ते मुळीच आवडलं नाही. वकीलसाहेब कामकाज हिंदीतून लिहायचे; मी प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावायची आणि माझ्या वहीत मराठीत उतरवून घ्यायची. ते हसत म्हणाले, "बाई, तुम्ही तर सीआयडीत पाहिजे होत्या." शेठजी म्हणाले, "लिहू द्या हो, चांगलंच आहे." उस्ताद काहीच बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नसत, आणि न बोलणाऱ्या माणसाचा मला सगळ्यांत जास्त संशय यायचा.

मुलींचा तास शाळा सुटल्यावर, चार ते पाच. पहिल्या आठवड्यात चौदा मुली आल्या. मी वर्गावर्गांत जाऊन दिलेल्या भाषणाचा हा परिणाम, असं मी धरून चालले आणि मनातून फुगले. आम्ही खो-खो खेळायचो. त्या चौदांत शनवाऱ्यातली एक मुलगी होती, नववीतली, वडील केळीच्या वखारीत मुनीम. ती खांबावर अशी वळायची की मागची मुलगी चार पावलं पुढे जाऊन बावचळून उभी राहायची. थंडीत खंडव्याला मुलींचे सामने व्हायचे होते. संघाच्या यादीत मी तिचं नाव पहिलं घातलं होतं. ती रोज जाताना विचारायची, "बाई, खंडव्याचं पक्कं ना?" मी म्हणायची, "पक्कं." खंडव्यापलीकडेही ही मुलगी जाईल, शिकेल, माझ्यासारखी कवायतीची बाई होईल, असं मी मनात सगळं लिहून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. उस्ताद रोज चारच्या ठोक्याला फाटकावर येऊन बसायचे, आमच्याकडे पाठ करून. आत येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारायचे, "कुणाची गं तू?" तिने सांगितलं की मान हलवायचे. मला वाटलं, मोजदाद चालली आहे. उद्या बैठकीत म्हणतील, इतक्याशा पोरींसाठी पहिलवानांचं मैदान कशाला अडवायचं? मी त्यांच्याआधी बोलायच्या तयारीत राहिले.

मग एका संध्याकाळी मी सामान आवरत मागे थांबले, तर उस्ताद उठले आणि मुलींच्या मागे वीसेक पावलांवरून चालू लागले. मी त्यांच्या मागे गेले. शनवारा दरवाज्यापर्यंत ते तसेच गेले, मग एका गल्लीच्या तोंडाशी शेवटची मुलगी घरात शिरेपर्यंत काठीवर रेलून तिच्याकडे बघत उभे राहिले. माझं रक्त तापलं. मी काय समजले ते लिहायची आज लाज वाटते, पण मी तेच समजले. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. तिन्ही दिवस तेच.

कुणालाही एका शब्दाने न विचारता मी बैठकीत ठराव मांडला, की मुलींच्या तासाला कोणत्याही पुरुष ट्रस्टीने मैदानावर, फाटकावर किंवा मुलींच्या वाटेवर थांबू नये. वकीलसाहेबांनी टाक खाली ठेवला.

शेठजी म्हणाले, "बाई, जरा सोचून बोला ना. असं एकदम कसं लिहायचं?"

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले. "कुणाला अडचण असेल तर त्यांनी तसं सांगावं."

मी उस्तादांकडे बघून बोलले, हे सगळ्यांना कळलं.  उस्ताद म्हणाले, "बाई म्हणतात तसं लिहा, वकीलसाब." आणि सगळ्यांत आधी त्यांनीच हात वर केला. चोरी पकडली गेली म्हणून घाई, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

पुढच्या सोमवारी अकरा मुली आल्या. मंगळवारी सात. आठवडा संपता संपता तीन, आणि मग ती मुनीमजींची मुलगीही आली नाही. म्हाताऱ्याने घरोघर जाऊन कान भरले, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तशीच तणतणत मी शनवाऱ्यात मुनीमजींच्या घरी गेले.

त्यांनी खाटेवर चादर टाकून बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, "उस्ताद येऊन काही सांगून गेले का?"

"उस्ताद?" मुनीमजी म्हणाले. "ते तर तेव्हापासून या गल्लीत आलेच नाही. बाई, राग नका मानू. तुम्ही नागपूरच्या. तुम्हाला इथं ओळखतं कोण? उस्ताद खुद घरोघर फिरले. बोलले, पोरींना खेळू द्या, मी फाटकावर बसतो, कुणाची कोण ते बघून आत सोडतो, परत घरापर्यंत आणतो. आम्ही त्यांच्या भरोशावर धाडत होतो. ते नाही तर पोर कशी धाडायची?"

मी उठून थेट उस्तादांकडे गेले. अंगणात एका हमालाचा मुरगळलेला पाय मांडीवर घेऊन ते तेल चोळत होते. मी म्हणाले, "उद्यापासून फाटकावर या. माझी चूक झाली."

"ठराव आहे ना बाई," ते पायावरून नजर न उचलता म्हणाले. "तो मोडून मी बसलो तर उद्या कोणीही येऊन बसेल. त्याला तुम्ही कोणत्या तोंडानं उठवाल? ठराव बदला, येतो."

"पण तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला मालूम आहे. मालूम असून नको म्हणताय, म्हणजे काही कारण असेल."

चौथ्या दिवशी खास बैठक बोलावून ठराव रद्द झाला. वकीलसाहेबांनी थट्टा केली नाही, मुकाट्याने लिहिलं. मी आनंदाने पुन्हा मुनीमजींच्या दारात. या वेळी त्यांनी बसा म्हटलं नाही.

"ते ठीक आहे बाई," ते दारातच उभे राहून म्हणाले. "पण ट्रस्टनं उस्तादांना हटवलंच कशाला होतं? काहीतरी असेल ना. शिकलेली बाई भर बैठकीत उगाच थोडी बोलेल? लोक विचारू राहिले. आता पोर घरातच बरी."

मुलगी त्यांच्या मागे उभी होती. तिने खंडव्याचं विचारलं नाही. माझा संशय आता माझा एकटीचा उरला नव्हता, सगळ्या शनवाऱ्याने तो घरात घेतला होता, आणि तो परत मागायची काही रीत मला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी उस्ताद धुतलेला फेटा बांधून चारला आले. पाचपर्यंत एकही मुलगी आली नाही. मग ते पहिल्यांदाच आत, माझ्यापर्यंत आले.

"बाई, एक विचारू? त्या दिवशी तुमच्या मनात माझ्याबद्दल काय आलं होतं?"

खरं बोलायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "काही नाही उस्ताद. नियम म्हणून मांडला."

"मग एवढं तुम्ही मुनीमजींना सांगाल? की काही नव्हतं म्हणून?"

"सांगते," मी म्हणाले.

मी गेले नाही. काही नव्हतं असं सांगायचं, तर मला काय वाटलं होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि एवढी हिंमत माझ्यात नव्हती. इतरांच्या वह्या तपासायला मला कधी भीती वाटली नव्हती. आज, उद्या करता करता थंडी गेली. खंडव्याला आमचा संघ गेला नाही. मुलींच्या तासाची वेळ पुन्हा पहिलवानांकडे गेली.

त्या उन्हाळ्यात मुनीमजींच्या मुलीचं लग्न झालं, खकनारच्या एका शेतकरी घरात. मुनीमजी स्वतः पत्रिका घेऊन आले. "बाई, तुमच्यामुळे वेळीच डोळे उघडले," म्हणाले. मांडवात मला मानाने पुढे बसवलं, मुलगी वाकून पाया पडली. शेठजी होते, वकीलसाहेब होते. उस्तादांना बोलावणं नव्हतं.