पट्टी घरी, उतारा हॉस्पिटलात

कुर्ल्यात माझा जुन्या दारं-खिडक्यांचा धंदा आहे. इमारत पुनर्विकासाला गेली की ती पाडण्याआधी मी तिथे पोचतो आणि सागवानी दारं, लोखंडी जाळ्या, बेसिनं, जे निघेल ते उचलतो. समोरचा ‘नाही’ म्हणाला की मी खुर्ची ओढून बसतो, कारण माझ्या धंद्यात बोलणं तिथूनच सुरू होतं. पण थोरल्या भावासाठी एक साधं इंजेक्शन मिळवताना मी जे ‘नाही’ ऐकलं, त्याच्यासमोर ओढायला खुर्चीच नव्हती. त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे.

दादा फौजेत होता. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी उलटली, कण्याची दोन ऑपरेशनं झाली, आणि पेन्शन घेऊन तो वहिनीसह घाटकोपरला माझ्याकडे राहायला आला. दुखणंही बरोबर आलं. गोळ्यांनी भागेना, तेव्हा माजी सैनिकांच्या दवाखान्यातून त्याला पाठीवर चिकटवायच्या पट्ट्या मिळू लागल्या. त्यात अफूच्या जातीचं औषध असतं, ते कातडीतून हळूहळू अंगात उतरतं. पट्टीला शेक लागू द्यायचा नाही, औषध एकदम अंगात जातं, हे डॉक्टरांनी दादाला बजावलं होतं. दादाने ते वहिनीला सांगितलं नाही. दुखण्याविषयी तो घरात अवाक्षर काढत नाही. विचारलं तर ‘ठीक’ म्हणतो आणि पेपर उघडतो.

वहिनी देवगडकडची. तिच्या लेखी पाठीला लावलेली पट्टी म्हणजे केमिस्टकडे कंबरदुखीला मिळते तीच. मागच्या थंडीत एका रविवारी दुपारी दादा झोपेत कण्हताना तिने ऐकलं. तिने खडं मीठ तव्यावर भाजलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि त्याच्या पाठीला मनापासून शेक दिला, अगदी पट्टीवरून. त्याचं कण्हणं थांबलं तेव्हा तिला बरंच वाटलं.

मी बाहेरच्या खोलीत फोनवर एका ठेकेदाराशी भांडत होतो. आतून दादाचं घोरणं येत होतं, मग ते येईनासं झालं, मग एकदम घशातली घरघर. आत जाऊन बघतो तर ओठ निळसर. हलवलं, ओरडलो, गालावर मारलं, तरी डोळा उघडेना. माझा टेम्पो खालीच उभा होता. शेजाऱ्यांच्या मदतीने त्याला मागे गादीवर घातलं आणि हॉर्नवरचा हात न काढता जवळच्या नर्सिंग होमपर्यंत गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. वहिनीने शेकाचं सांगितलं तशी त्यांनी पट्टी ओढून काढली आणि एक इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात दादा उठून बसला आणि फौजी हिंदीत सगळ्यांचा उद्धार करू लागला. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

“हे काय दिलंत?” मी बाईंना विचारलं.

“नॅलोक्सोन. अफूच्या औषधांवरचा उतारा. याचा असर लवकर ओसरतो, पट्टीचा राहतो, म्हणून आज ते इथेच राहतील.”

“मग पट्ट्यांबरोबर हाही एक घरी द्यायला नको?”

“द्यायला हवा,” बाई म्हणाल्या. “पण आपल्याकडे कोण देतं? आमच्याकडे आहे तो आल्या पेशंटपुरता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो उतारा आणायला. वाटलं, दुपारपर्यंत घेऊन येईन.

ओळखीच्या केमिस्टने हात जोडले. “शेठ, हे हॉस्पिटलला जातं. आम्ही ठेवत नाही. आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच नाही.”

म्हणून चिठ्ठीसाठी माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो. तिथला अधिकारी सभ्य होता, त्याचाच मला जास्त राग आला.

“घरी द्यायच्या औषधांत हे येत नाही,” तो म्हणाला.

“पट्टी येते?”

“येते.”

“पट्टीने माणूस जाऊ शकतो?”

“चुकीची वापरली तर.”

“मग त्या चुकीवरचा उतारा?”

“ती इमर्जन्सी झाली. इमर्जन्सीला रुग्णालयात यायचं.”

“साहेब, संध्याकाळच्या ट्रॅफिकात एलबीएस रोडवरून तुमच्या रुग्णालयापर्यंत तुम्ही श्वास रोखून येऊन दाखवा. मी इथून उठतो.”

तो हसला. “कायद्यात मनाई आहे का, दाखवा,” मी म्हणालो. मनाई कुठेच नव्हती. पण द्या असंही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही त्याच्यावर सही करायला कुणी तयार नव्हतं.

त्याच दिवसांत फोनवर वाचलं की अमेरिकेत जुन्या सैनिकांना हा उतारा सहज मिळावा म्हणून कायद्याची खटपट चालते. तिकडे तो नाकात मारायच्या फवाऱ्यात येतो म्हणे. मी त्याची छापील प्रत काढली आणि खासदारांच्या कार्यालयात गेलो. खासदार भेटले नाहीत, त्यांचा पीए भेटला. त्याने कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

“मुद्दा चांगला आहे हो. पण माजी सैनिक आणि नशा, हे दोन शब्द एका निवेदनात आले तर लोक काय म्हणतील?”

“नशा हा शब्द कुठे आहे यात?”

“नाही, पण लोक म्हणतील.”

“आत्तापर्यंत फक्त तुम्ही म्हणालात.”

“अहो, जरा हळू. बाहेर माणसं बसलीत.”

माणसं बसलीत म्हणूनच मी आवाज चढवला होता. चहा आला, तो न पिता निघालो. परत गेलो तेव्हा पीए मीटिंगमध्ये होता, आणि त्यानंतरही मीटिंगमध्येच.

शेवटी नर्सिंग होमच्या त्याच डॉक्टरबाईंनी सांगितलं की गोवंडीला नशा करणाऱ्यांसाठी एक केंद्र आहे, तिथे उतारा ठेवतात, घरच्यांना द्यायलाही शिकवतात. मी गेलो. बाकावर पोरं बसली होती, काही झोपेत, काही खाजवत. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“देईन. पण आमच्याकडे नोंद असलेल्या माणसासाठीच देता येतं. तुमच्या भावाची नोंद करावी लागेल.”

“कसली नोंद?”

“अफूजन्य पदार्थ घेणारा. घेतात ना ते? मी खोटं काहीच लिहिणार नाही.”

सौदा समोर होता. मी तो घेऊन घरी आलो आणि जेवताना दादाला सांगितला. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“मी काय गर्दुल्लो आसंय?” तो मालवणीत ओरडला. घरात तो मालवणी बोलतो ते फक्त संतापल्यावर.

“कागदावरच आहे रे.”

“माझं नाव एकाच रजिस्टरमध्ये आहे. पलटणीच्या. दुसऱ्यात जाणार नाही.”

“त्या पलटणीनेच दिलीय ना पट्टी? माग ना तिच्याकडे उतारा! मी दारोदार फिरलो, तू एकदा तरी तोंड उघडलंस?”

“मी कुणाकडे मागायला जात नाही.”

“म्हणून मी जातो! आणि तू मेलास की पलटण येणार नाही, मीच येणार आहे लाकडं मोजायला!”

हे बोलायला नको होतं, पण बोललो. वहिनी पोळ्या लाटत होती. मी बघितलं आहे, त्या रविवारपासून ती तवा गॅसवर ठेवताना आधी दादाकडे बघते. ती लाटणं खाली ठेवून बाहेर आली.

“भाऊजी, माझा नाव घाला थंय.”

“तुमचं? वहिनी, तिथे काय लिहितात कळतंय का?”

“कळतां. लिवू देत. माका गोवंडीक कोण वळाखता? माका उतारो होयो. परत तसो घोरलो तर मी काय करू, हाका मारू?”

दादाने तिच्याकडे बघितलं. मग ताट पुढे ओढलं आणि जेवू लागला. हात धुताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “उद्या किती वाजता उघडतं ते?”

सकाळी तिघं रिक्षाने गेलो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी घोटली होती. बाकावरच्या पोरांनी सरकून जागा दिली, तर तो बसला नाही, पाठीची कळ दाबत उभा राहिला. बाईंनी नाव विचारलं. त्याने हुद्द्यासकट सांगितलं.

“काय घेता?”

“सरकारी,” दादा म्हणाला.

एक पोरगा हसला, बाईंनाही हसू आवरेना. मला मात्र कुणाची तरी कॉलर धरावीशी वाटत होती, आणि धरण्यासारखी कॉलर त्या खोलीत एकही नव्हती. ज्यांच्या होत्या ते मीटिंगमध्ये होते.

बाईंनी वहिनीला कुपी फोडायला, सुई भरायला आणि मोसंबीवर टोचायला शिकवलं. मांडीत द्यायचं, कुशीवर वळवायचं, आणि लगेच हॉस्पिटल, कारण असर ओसरतो. वहिनीची पहिली सुई वाकली. दुसरी सरळ गेली. तिने तीन मोसंब्या भोसकल्या तेव्हाच बाईंनी तिला सोडलं.

उतारा आता देवघराच्या खणात असतो. वहिनी पट्टी बदलते तेव्हा खण उघडून बघते. मी अजून खासदारांच्या कार्यालयात जातो, आणि हल्ली दादाही येतो, पीएसमोर ताठ बसतो. सैनिकाला पट्टी देता तर उतारा त्याच खिडकीतून, त्याच हाताने द्या, एवढंच आमचं म्हणणं आहे. घरी पाहुणे आले, विषय निघाला, कुणी विचारलं की हे औषध तुम्ही आणलंत कुठून, की मी सगळं सांगतो, कुठल्या बाकावरून, कुठलं नाव लिहून.

“हळू बोल,” दादा म्हणतो. “शेजारी ऐकतील.”

मी हळू बोलत नाही.