कुंदाबाईंची मिरची आणि आमचे पाळीव जंतू

जंतू वाढवायचे म्हणजे केवढे सोपस्कार! काचेची भांडी निर्जंतुक करा, ऊब द्या, खाऊ द्या, तरी साहेब रुसतात. किस्से मात्र आमच्या लॅबमध्ये कोणी न पेरता उगवतात. डबे उघडून जेवायला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "तो किस्सा सांग ना!" आणि पाहुणा नवीन असला तर त्याची पोळी गार होते.

आम्ही चौघं. मॅडम आमच्या प्रमुख. त्या चिडल्या की एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागतात, त्यामुळे "आपण" हा शब्द ऐकू आला की आम्ही टेबलाखाली जागा शोधतो. नितीन कामठीहून शेअर ऑटोनं येतो आणि सडक्या गोष्टींपासून गॅस बनवतो. रेश्मा न भरणाऱ्या जखमांमधल्या जंतूंच्या मागे असते. आणि मी बुरशीवाली. ट्रायकोडर्मा नावाची एक हिरवी बुरशी पिकाच्या मुळाशी राहून रोगाच्या बुरशीला खाऊन टाकते. ती वाढवून पाकिटात भरणं हे माझं काम.

*

रेश्माच्या खोलीबाहेरच्या बाकावर जखमेचे नमुने द्यायला आलेले लोक बसतात. एक दिवस त्यांच्यात भिवापूरच्या कुंदाबाई येऊन बसल्या. पदराखाली काहीतरी झाकलेलं. नंबर आला तशा आत गेल्या.

"पेशंट कुठंय?" रेश्मानं विचारलं.

कुंदाबाईंनी पदर बाजूला केला. "हे काय!"

मुळासकट उपटलेलं मिरचीचं झाड! मान टाकलेलं, पानं लोंबत असलेली. रेश्मानं त्याची नाडी तेवढी बघितली नाही. लगेच त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मररोग होता. मुळातून बुरशी शिरते आणि उभं झाड वाळतं. कुंदाबाई मिरचीचं बी विकत आणत नाहीत. सासूनं दिलेलं अस्सल भिवापुरी बी त्या दरवर्षी घरीच धरतात, आणि दरवर्षी मर त्यातली आणखी थोडी झाडं नेत होती.

"घरचे म्हनून राहिले, सोयाबीन पेरू. मिरची गेली त् बी गेलं. अन् बी गेलं त् मंग कोठून आनाचं वं?"

"नाही जाऊ देत," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मॅडमनी विचारलं, "आपण हा शब्द कोणाच्या भरवशावर दिलात?" शब्द गेला होता, आणि खरं सांगू, मला तो परत घ्यायचाही नव्हता.

*

ट्रायकोडर्माला वाढायला काहीतरी बिछाना लागतो. नितीनच्या गॅसच्या टाकीतून निघणारं खत वाळवून त्यात ती वाढवायचं ठरलं. नेमका तेव्हाच नितीनला साक्षात्कार झाला.

सीताबर्डीच्या ज्यूसवाल्यांकडे संत्र्याच्या सालींचे ढीग पडतात. हा पोत्यांनी साली घेऊन आला. "फुकटचा माल, मॅडम! आता पाहा कसा गॅस निघते!" आणि आमच्याकडे लक्ष नसताना सगळी पोती टाकीत रिकामी केली.

गॅस ठप्प! संत्र्याच्या सालीत तेल असतं, आणि ते तेल गॅस बनवणाऱ्या जंतूंना मुळीच सोसत नाही. टाकीतलं सगळं गोकुळ गारद झालं. नितीन टाकीच्या काठावर सुतकात बसला.

मॅडमनी आत डोकावून पाहिलं. "नागपुरात राहून संत्र्यानं मेलेले हे पहिलेच!"

पठ्ठ्यानं हार मानली नाही. टाकी उपसली, शेणाचा काला घालून नव्यानं सुरू केली, साली आधी वाफवून त्यांचं तेल काढलं आणि मग बाळाला भरवावं तशा थोड्या थोड्या घातल्या. गॅस पेटला त्या दिवशी त्यावर चहा झाला. खतही मिळालं. माझी बुरशी त्यात अशी फोफावली की पाकिटं कमी पडली.

*

रेश्माचा किस्सा नाल्यावरचा. एका रिक्षावाल्या काकांच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. त्या जंतूला खाणारा व्हायरस तिला हवा होता. असले व्हायरस माणसाला काही करत नाहीत, जंतूंनाच मारतात, आणि सापडतात मात्र घाण पाण्यात.

तर ही पुलावर उभी राहून दोरीला बाटली बांधून नाल्यात सोडतेय. नागपुरात कोणी पुलावरून खाली वाकलं की गर्दी होणारच!

"काय पडलं वं बाई?"

"अंगठी असन!"

एकानं तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलीसुद्धा.

"काही नाही पडलं काका," रेश्मा म्हणाली. "व्हायरस शोधून राहिली."

पूल रिकामा! सगळ्यांचे रुमाल नाकाला. एकच काका स्कूटरला टेकून उभे राहिले. जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, "सापडला त् थोडा मले बी द्या. साडू येऊन बसला हाये, जाचं नावच घेत नाही!"

त्या बाटलीत काहीच मिळालं नाही. रेश्मा दुसऱ्या नाल्यावर गेली, मग तिसऱ्या. आता तिला शहरातला प्रत्येक नाला वासावरून ओळखू येतो, आणि ती अजून शोधतेच आहे.

*

आता कुंदाबाईंचं शेत. पाकिटं इतर शेतकऱ्यांना वाटायची तर सरकारी साहेबांची मान्यता हवी, आणि त्यासाठी पुरावा. म्हणून अर्ध्या ओळींना आमची बुरशी द्यायची, अर्ध्यांना काहीच द्यायचं नाही. त्या उपाशी ओळींना आम्ही "कंट्रोल" म्हणतो. त्या वाळल्या आणि बाकीच्या जगल्या, तरच औषध खरं. कुंदाबाईंनी सगळं ऐकून मान डोलावली.

हंगामात जाऊन पाहतो तर सगळं शेत हिरवंगार! नितीन नाचायलाच लागला. मॅडम मात्र शेताच्या धुऱ्यावरच थांबल्या.

"कंट्रोल कसा काय हिरवा?"

कुंदाबाई चहा घेऊन आल्या. "उरलेली पाकिटं होती ना, म्या त्यायले बी देल्लं."

"काहून?" नितीन ओरडला.

"काहून म्हंजे? घरात दोन पोट्टे बिमार पडले, त् एकालेच औषध देता काय गा तुमी?"

मिरची वाचली होती, पुरावा मेला होता. औंदा मर आलीच नसेल, असं साहेब म्हणणार हे उघड होतं.

मॅडमचा चेहरा लाल. "कुंदाबाई, आपण आमच्या संपूर्ण वर्षाच्या परिश्रमांवर पाणी फिरवले आहे."

कुंदाबाई माझ्याकडे वळल्या. "काय म्हनून राहिल्या वं?"

"चहा फक्कड झालाय म्हणतात," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर मॅडम गाडीच्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "पुन्हा करू."

*

पुढच्या वर्षी कुंदाबाई तयार झाल्या, पण अटीवर. "ओळी ठेवा. पण मले दिसू नोका देऊ. दिसल्या त् माहा हात राहाचा नाही."

मग शेताच्या मधोमध बांबू ठोकून त्यांच्याच जुन्या साड्यांचा पडदा लावला. रस्त्यानं जाणाऱ्या बाया विचारायच्या, "कुंदे, कोन बाळंत झालं वं आत?" पडद्याच्या अलीकडे कुंदाबाई, पलीकडच्या कंट्रोलचं पाणी आणि खत आमच्याकडे.

मर आली. पलीकडची झाडं एकामागून एक माना टाकायला लागली. मी तिथं पाणी द्यायची आणि साडीच्या अलीकडून आवाज यायचा, "कशे हायेत वं?"

"आहेत," मी म्हणायची. माझी पाकिटं खिशात असायची आणि हात शिवशिवायचे. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

तपासणीला साहेब आले. अलीकडचं शेत लालभडक, झाडं मिरच्यांनी वाकलेली. "छान आहे," साहेब म्हणाले, "पण असं तर सगळेच दाखवतात."

मॅडमनी साडी वर उचलली.

पलीकडे नुसत्या काड्या. साहेब या बाजूला बघत, मग त्या बाजूला. शेवटी म्हणाले, "मान्य." नितीननं शिट्टी मारली आणि मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात साडीखालून वाकून कुंदाबाई पहिल्यांदाच पलीकडे आल्या. वाळलेल्या झाडांना हात लावत ओळीच्या टोकापर्यंत गेल्या. मॅडम त्यांच्या मागोमाग गेल्या.

"कुंदाबाई, तुमचं बी वाचलं."

"हो." मग मॅडमकडे वळून, "आता पाकिटावर फोटो लावान ना?"

"लावू की. तुमच्या लाल मिरचीचा."

"नाही." त्यांनी वाळलेल्या काड्यांकडे बोट दाखवलं. "यायचा लावजा."

मॅडमनी फोन काढून नितीनच्या हातात दिला. "काढ."

नितीन फोन घेऊन लाल मिरचीकडे वळला.

"तिकडं कुठं चालला गा?" मॅडम म्हणाल्या. "यायचा काढ!"