मेजरांनी चढाई केली नाही

माझ्या बाजूला अडवायला एकही जनावर उरलेलं नव्हतं, आणि मेजरांनी चढाई केली नाही. त्यांचे तीन शिपाई समोर उभे होते. चढाई म्हणजे त्या शिपायांची पानं टेबलावर नुसती आडवी करायची, एवढंच काम. मला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. मी हातातली पानं छातीशी धरली आणि वाट बघितली. वाट बघणं हाच माझा खेळ होता. खाली टाकीची मोटर सुरू झाली. मग मेजरांच्या डाव्या हातातली पानं एकेक करून घसरली. ती उचलायला हात काही खाली गेला नाही.

“मेजर, पानं पडली की.”

त्यांनी तोंड उघडलं. ते एका बाजूला ओढलं गेलं आणि शब्द आलाच नाही.

सांगलीत माझ्या मुलीच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघंच होतो. मुलगी-जावई कामावर गेलेले. मेजर समोरच्या दारात राहायचे. त्यांचा धाकटा मुलगा आणि सूनही दिवसभर बाहेर. गाव त्यांचं मेढ्याकडचं. फौजेत ते हवालदार होते, पण आमच्या भागात फौजेतनं परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. मी आटपाडीची. शाळा चौथीपर्यंत, पुढं ज्वारीची राखण. त्यांची बायको गेलेली, माझा नवरा गेलेला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

पानं माझ्या नातीची. नोकरीसाठी परदेशी जाताना ती बुटांच्या दोन खोक्यांत भरून माझ्याकडं ठेवून गेली. ही राजा-राणीची पानं नव्हेत. यात आधी जमिनीची पानं मांडायची. जमिनीतून ताकद मिळते, ताकदीवर शिपाई, जनावरं, मंत्र आणायचे. दोघांना वीस-वीस जीव. ज्याचे संपले तो हरला. आणि ढीगभर पानांतून निवडून आपला साठ पानांचा कॅट आपणच लावायचा. इंग्रजी मला येत नाही, म्हणून नातीनं प्रत्येक पानाच्या प्लास्टिकच्या पाकिटात मराठी चिठ्ठी सरकवून दिली होती.

तिनं लावून दिलेले दोन कॅट सारखेच होते. भरपूर शिपाई, पहिल्यापासून मारामारी. मेजरांना ते फार आवडलं. पण डाव चहा गार व्हायच्या आत संपायचा. जिंकले की ते उठायचे, हरले की उठायचे. चप्पल घातली की समोर त्यांचं दार. मग अख्खी दुपार माझी. टीव्ही मला बघवत नाही. खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी दिसते.

म्हणून मी माझा कॅट मोडला.

शिपाई काढले. दिसायला देखणी जनावरंही काढली. जमीन वाढवली. समोरच्यानं टाकलेलं पान रद्द करणारी पानं घातली, त्यांच्या चिठ्ठीवर नातीनं ‘नको म्हण’ असं लिहिलेलं. सगळं मैदान एकदम साफ करणारी घातली. जिंकण्यासाठी एकच अजगर ठेवला, तो सगळ्यात शेवटी यायचा. सुरुवातीला मी हरतच होते, कारण येईल त्या पानाला नको म्हणून बसायचे. मग राखण आठवली. शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन बसलं की दिसेल त्या चिमणीला दगड मारायचा नसतो. एक चिमणी खाऊन खाऊन किती खाणार? दगड थव्यासाठी ठेवायचे. तसे मी मेजरांचे बारके शिपाई येऊ दिले, थोडे जीव जाऊ दिले, आणि मोठं पान आलं की नको म्हटलं. नातीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “आज्जी, याला कंट्रोल म्हणतात. असल्या कॅटशी खेळायला कुणाला आवडत नाही गं.”

मेजरांनाही आवडलं नाही.

“आक्का, ह्यो कुठला खेळ? मी टाकतोय, तुमी न्हाई म्हणताय. परत टाकतोय, परत न्हाई. नांदायला जायचं न्हाई म्हणनाऱ्या पोरीगत चाललंय तुमचं.”

“टाका की. हात कुनी धरलाय तुमचा?”

“तुमीच! आवं, बॉर्डरवर बी एवढा येळ बसलो न्हाई मी.”

“म्हणूनच हवालदार ऱ्हायला.”

आता डाव जेवणानंतर सुरू झाला की दिवे लागेपर्यंत चालायचा. या खेळात एक सोय आहे. आपण हरणार हे दिसलं की हातातली पानं टेबलावर ठेवायची आणि उठायचं. शेवटपर्यंत बसायची सक्ती नाही. नात सांगते, पोरं तसंच करतात. मेजरांनी एकदाही पानं ठेवली नाहीत. माझा अजगर उतरला, त्यांच्याकडं काही उरलं नाही, तरी शेवटचा जीव जाईपर्यंत बसून राहायचे.

एकदा म्हणाले, “आक्का, तुमी जिकायला खेळत न्हाई.”

“मग?”

“मला बसवून ठिवायला खेळताय.”

“बसताय न्हवं?”

“बसतोय की,” म्हणाले, आणि पुढचं पान ओढलं.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्या दिवशी मी जिन्यातून ओरडले. वॉचमन आला, रस्त्यावरचा रिक्षावाला आला. दोघांनी मेजरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली नेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, हे नेमकं कधीपासून?”

“त्यांनी चढाई केली न्हाई, तवापासनं.”

इंजेक्शन द्यायचं तर वेळ कळायला हवी, म्हणाल्या. मी सांगितलं, टाकीची मोटर सुरू व्हायच्या जरा आधी. मोटर वॉचमननं लावलेली, त्याला वेळ ठाऊक होती. मग सुई दिली.

घरी आले तर डाव टेबलावर तसाच. मुलगी म्हणाली, “आई, उचल आता, जेवायचंय.” जमिनीवर पडलेली त्यांची पानं मी पालथीच गोळा केली आणि वेगळं रबर लावून ठेवली. कुठली होती ते बघितलं नाही. डाव चालू असताना दुसऱ्याची पानं बघायची नसतात.

पुढं त्यांचा धाकटा येऊन सांगून गेला, “काकू, साताऱ्याला दादाचं खालीच घर आहे. जिना चढायला नको, म्हणून तिकडं नेतोय.” बरोबरच होतं. फोनवर मेजरांचं बोलणं मला कळायचं नाही. मी हूं हूं करायचे, ते थांबायचे, मग सून फोन घ्यायची. चार-सहा वेळा असं झालं आणि बंद पडलं. दुपारी मी दोन्ही कॅट पिसायचे आणि परत खोक्यात ठेवायचे. त्या रबराला मात्र हात लावला नाही. दोन्ही बाजूंनी आपणच खेळून बघितलं एकदा. आपल्याच पानाला नको म्हणण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळा सरल्यावर पानांची खोकी घेऊन मी एसटीनं साताऱ्याला गेले. मेजर खुर्चीत होते, डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. मी त्यांच्या थोरल्या सुनेकडं परातभर ज्वारी मागितली. तिला वाटलं, मला निवडायची आहे. मी रबर काढलं आणि त्यांची ती पानं, तोंडं त्यांच्याकडं करून, ज्वारीत उभी रोवली. बाकीचा डाव मला पाठ होता. तो मांडला. माझी बाजू मोकळी, त्यांचे तीन शिपाई.

“तुमची पाळी हाय,” मी म्हटलं.

उजव्या हातानं त्यांनी एक शिपाई आडवा केला. मग दुसरा. तिसऱ्याला फार वेळ लागला. मी माझे जीव कमी केले. माझ्या हातात मैदान साफ करणारं पान होतं, त्या दुपारपासून होतं. माझी पाळी आली तसं मी ते टाकलं.

मेजरांच्या तोंडातून मोठा आवाज आला. सून स्वयंपाकघरातून धावत आली. “काय झालं?”

“काय न्हाई,” मी म्हटलं. “शिव्या देत्यात.”

दोन पाळ्या झाल्या आणि ते बसल्या जागी झोपले. पानं त्यांनी ठेवली नव्हती. ज्वारीत उभीच होती. शेवटची गाडी चुकली असती म्हणून मी परात तशीच सोडून निघाले.

त्या दुपारी सांगलीत टेबलाशी दोघं होतो. जीव कुणाचेच संपले नाहीत, दोघंही जगलो. ते साताऱ्यात, मी इथं.