सुकाणूची बाजू

माझे सासरे उजव्याला कधी उजवं म्हणत नसत. "स्टारबोर्डचा दिवा लाव गं," असं म्हणायचे, आणि परदेशात, सँडीफोर्डच्या आमच्या फ्लॅटमध्ये आलेला पाहुणा छताकडे बघत राहायचा. बाबांनी आयुष्यभर मालवाहू जहाजं चालवली होती. निवृत्त झाले तरी बोलणं डेकवरचंच राहिलं.

२०२० च्या सुरुवातीला ते आमच्याकडे थोड्या दिवसांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. त्याच उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमध्ये आम्हाला जायला बंदी. नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा जड जिभेने बाबा एवढंच म्हणाले, "स्टारबोर्डला पाणी शिरलंय. बुडालेलो नाही."

घरी आल्यावर मी घास भरवायला गेले, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"निदान डाव्या हाताने तरी जेवा, बाबा."

"नाही."

उजव्या मुठीत चमचा बसवायचा, वरण अंगावर सांडायचं, की पुन्हा भरायचा. माझा जीव तुटायचा, चिडायचेही मी. ते म्हणायचे, "चिडू नकोस. टॉवेल दे."

माझी मुलगी ईरा शेजारी बसून त्यांची आखडलेली बोटं उघडायची. एकदा तिने विचारलं, "आबा, व्हाय स्टार? बिकॉज ऑफ द स्टार्स, लाइक?"

"ताऱ्यांचा काही संबंध नाही," एकेक शब्द जुळवत बाबा म्हणाले. "स्टार म्हणजे इथे स्टिअर. बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसायचं. उजव्या अंगाला मोठं वल्हं असायचं, त्याने जहाज वळवत. ते चिरडलं जाऊ नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावत. डावीला तेव्हा लारबोर्ड म्हणत, पण वादळात ओरडलं की दोन्ही सारखंच ऐकू यायचं. मग डावीचं नाव बदलून पोर्ट केलं. उजवीचं कोणी बदललं नाही."

"सो धिस इज युअर स्टिअरिंग हँड?"

"हो. म्हणून सोडणार नाही."

हिवाळ्यात चमचा तोंडापर्यंत पोचला. मग एका दुपारी त्यांनी तो बाजूला सारला, उजव्या हाताने भात कालवला आणि ताट रिकामं केलं.

पुढच्या वर्षी विमानं मिळू लागताच त्यांनी अलिबागला परतायचं ठरवलं. "एकटे कसे राहाल?" आम्ही हजारदा विचारलं. "राहीन," एवढंच उत्तर. एअरपोर्टवर त्यांनी व्हीलचेअर परत पाठवली आणि काठी टेकत आत निघाले. ईराने मोठ्याने हाका मारल्या, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पोरगी घरी येईपर्यंत रडली.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. "ईराला सांग, वळलो असतो तर तोल गेला असता. पडलो असतो, तर तुम्ही मला जाऊ दिलं नसतं."