उन्हाची खूण

बाटली भरली की मॅडम ती उलटी धरायच्या, टिचकी मारायच्या आणि म्हणायच्या, "दादा, बुडबुडा राहिला. पुन्हा." बुडबुडा हरभऱ्याएवढाही नसायचा. मी त्यांची जीप चालवायचो आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बूड कुठे टेकत नाही. चहासुद्धा उभ्यानं. मॅडम पाण्यातली समस्थानिकं तपासायच्या, म्हणजे तू कुठून आलंस हे पाण्यालाच विचारायच्या. त्या दिवसांत तर फारच तगमग होती. कर्जतकडच्या एका गावात पाझर तलावाला शेततळ्यासारखं प्लास्टिक अंथरायचं ठरत होतं. पाणी मुरणार नाही, टिकेल, असं गावाचं म्हणणं. मॅडमना भीती, की खालच्या विहिरी त्या मुरण्यावरच जगतात, त्या आटतील. तलावात ऊन खाल्लेलं पाणी जरा जड होतं म्हणे. ती खूण विहिरीत सापडली, तर पुरावा.

शेवटच्या विहिरीला पन्नास पायऱ्या. मॅडम पलीकडच्या मळ्यात होत्या. मी बाटली घेऊन निघालो, तर तिथली आजी म्हणाली, "कशापायी उतरतो बाबा? ह्ये हिरीचंच हाय की. सकाळीच शेंदलंय." अंघोळीला उन्हात तापत ठेवलेलं पातेलं होतं ते. मी त्यात बाटली बुडवली. बुडबुडासुद्धा ठेवला नाही.

अहवाल आला. त्या शेवटच्या विहिरीत खूण चांगली ठळक. गाव वरमलं, प्लास्टिक थांबलं. परतताना मॅडम जीपमध्ये पहिल्यांदाच निवांत टेकून बसल्या. मी गाडी बाजूला घेतली आणि सांगून टाकलं, की पाणी उन्हातल्या पातेल्यातलं होतं, खूण त्या उन्हाचीच असेल.

वाटलं, आता खैर नाही. त्या म्हणाल्या, "चला, परत भरू." आधी गावात जाऊन स्वतःच सांगितलं, की तो अहवाल धरू नका. लोक हसले. प्लास्टिकचे गुंडाळे तलावाकाठी येऊन पडले. मग पन्नास पायऱ्या त्या स्वतः उतरल्या. पुढचा महिना दिवसातून दहादा एकच, "दादा, आला का लॅबचा निरोप?"

खूण निघाली. पुसट, पण निघाली. गुंडाळे परत गेले. "आता कुणीही विचारू दे," मॅडम म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या गावाचा नकाशा उघडला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आजार अंगावरच काढत होत्या, कुणाला पत्ता नाही. मला ते फार लागलं, अजून लागतं.

नवे साहेब जीपमधूनच म्हणतात, "लाव झाकण, चल." मी बाटली उलटी धरतो, टिचकी मारतो. हरभऱ्याएवढा जरी दिसला, तरी परत पायऱ्या उतरतो.