पिन माझ्या हातात होती

आधीच सांगते, मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही. गावात कुणाला चकवा लागला, कुणाला झपाटलं असं कानावर आलं की मी तिथल्या तिथे वाद घालायचे. म्हणून हे इथे लिहू की नको यात तीन महिने गेले. लिहितेय, कारण मला स्वतःलाच उत्तर सापडलेलं नाही...

मी कर्जतला भिसेगावात भाड्याच्या खोलीत राहते, दुसरा मजला. नववी-दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाचे धडे मराठीत रेकॉर्ड करते, तेच माझं काम. बाबा गावी एकटे असतात — खालापूर तालुक्यात, चौकपासून थोडं आत. भात झोडून झालं की विहिरीच्या पाण्यावर वांगी-मिरची करतात. आईला जाऊन पाच वर्षं झाली.

पुढचं कळायला कुकारा काय ते सांगायला हवं. आमच्याकडे शेतावरून घरी हाक मारायची तर नावाने मारत नाहीत, कुकारा घालतात. प्रत्येक घराचा वेगळा. बाबांचा दोन आखूड, एक लांब. त्यावर आई घरातून ओ द्यायची — एक लांब कूऽऽऽ आणि शेवटी उचकी लागल्यासारखा आखूड 'कु'. ओ आली म्हणजे 'ऐकलं, निघाले'. कुकारा आल्याशिवाय उगीच कुणी ओ देत नाही.

आई गेल्यावरही बाबा अधूनमधून कुकारा घालायचे. मीच एकदा बोलले, "बाबा, मोबाईल घेऊन दिलाय ना तुम्हाला? आता कसले कुकारे घालता, लोक हसतात." त्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बरं बाय." आणि बंद केलं.

तर त्या दिवशी — जानेवारी, दुपारचा एक वाजत आलेला, खिडकीतून लख्ख ऊन — मी कॉम्प्युटरचा साऊंड लावत बसले होते. मला हेडफोनही लागतो आणि स्पीकरही. हेडफोनमध्ये बारीकसारीक चुका कळतात, पण मुलं ऐकणार मोबाईलच्या स्पीकरवर, म्हणून शेवटी स्पीकरवर वाजवून बघावंच लागतं. दरवेळी टेबलाखाली वाकून पिना बदलायचा कंटाळा आला होता. दुकानदाराने दिलेला स्प्लिटर लावला तर दोन्ही एकदमच वाजायचे. मग मी स्पीकर मागच्या सॉकेटला, हेडफोन पुढच्या सॉकेटला, आणि सेटिंगमध्ये दोन्ही आउटपुट वेगळी केली. डावा-उजवा तपासला. छान झालं होतं. मी खूश.

शेवटची टेस्ट म्हणून हेडफोनची पिन उपसली, आवाज आपोआप स्पीकरवर जातो का बघायला. गेला. स्पीकरवर माझाच धडा सुरू झाला — ध्वनीचा. मी तो थांबवला. हेडफोन अजून कानावरच होता, पिन उजव्या हातात.

आणि डाव्या कानात आलं... कूऽऽऽ. कु.

मी हलले नाही. वाटलं, भास. पुन्हा आलं. तसंच, शेवटच्या उचकीसकट. हेडफोन काढला — खोलीत काही नाही, खाली रिक्षा तेवढी गेली. पुन्हा कानावर ठेवला. तिसऱ्यांदा आलं, आता घाईचं.

साधा वायरचा हेडफोन आहे. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही. पिनेकडे बघत होते मी!

भीती आवाजाची नाही वाटली. डोक्यात एकच आलं — आई ओ देतेय, म्हणजे बाबांनी हाक मारलीय.

बाबांना फोन लावला. रिंग जातेय, उचलत नाहीत. चार वेळा. मग हमीदचाचांना लावला. बाबांचे जुने दोस्त, चौकला हायवेवर त्यांचं गॅरेज आहे.

"चाचा, बाबांना जरा शेतावर जाऊन बघता का? आत्ता, लगेच."

"अगो, सकाळी इथंच बसून माझा चहा पिऊन गेला तो. झोपला असेल बांधावर. दोन गाड्या खोलून ठेवल्यात मी."

"फोन उचलत नाहीत."

"तुझा बाप कधी उचलतो फोन? हिरवं बटण दाबायचं का लाल, यावर अर्धा तास इचार करतो."

"चाचा, तुमच्या पाया पडते, जा."

मी पाया पडणारी बाई नव्हे, हे त्यांना माहीत होतं. "बरं. निघालो," म्हणाले. कारण मी सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

मी स्कूटी काढली आणि निघाले. अर्ध्या रस्त्यात चाचांचा फोन आला. "जिता हाय. ये. हळू चालव."

बाबा पंपाचा फूटवाल, म्हणजे पाण्यातल्या पाईपाच्या टोकाची झडप, साफ करायला विहिरीत उतरले होते. पायरीचा दगड निसटला. बरगड्या मोडल्या, पाय दगडांत अडकला, छातीपर्यंत पाणी, आणि पाईपाला मिठी मारून लटकलेले. मोबाईल वर, पंपाच्या खोलीत, सदऱ्याच्या खिशात वाजत होता. मी हौसेने घेऊन दिलेला. चाचांनी गॅरेजमधला, बंद गाड्या ओढायचा टोचनचा दोर टाकून, दोन मेकॅनिक घेऊन त्यांना वर काढलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर हात सुटले असते.

संध्याकाळी दवाखान्यात मी बाबांजवळ बसले. तोवर हेडफोनचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. चाचांनाही नाही.

मी विचारलं, "बाबा, तुम्ही कुकारा घातलात का?"

"नाय गं. कसा घालू? शासच घेववत नव्हता, आवाज कुठनं फुटतोय. मनातल्या मनात घातला."

"मग?"

माझ्याकडे न बघता, छताकडे बघत म्हणाले, "मग तुझ्या आयेनं ओ दिली. तीनदा. मी म्हटलं, ऐकलंन. आता येतंय कोणतरी. म्हणून धरून रायलो."

दारात हमीदचाचा टोपी काढून हातात घेऊन उभे होते. नंतर बाहेर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला फोन कुणी केलावता गो, खरं सांग." मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, वाद घातला नाही.

वाद मीच घालते, स्वतःशी. वायर अँटेनासारखी काम करते, कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडलं असेल — तुमच्यापैकी कुणीतरी हे लिहिणारच. मान्य. पण रेडिओवर आमच्या घरची ओ कोण देणार? मनाचा खेळ म्हणाल तर तोच खेळ त्याच वेळी पंधरा-सतरा किलोमीटरवर विहिरीत कसा चालला होता? नंतर तोच हेडफोन, पिन काढून, किती दुपारी कानाला लावून बसले... काही नाही. स्वतःचा श्वास तेवढा.

बाबा आता चालतेफिरते आहेत. रोज एकच्या सुमारास शेतावरून फोन करतात, हॅलो म्हणत नाहीत, कुकारा घालतात. मी इकडून खिडकीत उभी राहून ओ देते. खालच्या काकू वर बघतात, बघू देत.

शेवटचा तो आखूड 'कु' मला अजून जमत नाही. बाबा म्हणतात, "रावदे बाय, तो तिचा हाय."